फेरफार क्रमांक

गेल्या विकांताला मिरजोळ्यातल्या एका जमिनीचा जुना सातबारा घेऊन बसलो होतो. (सॉफ्टवेअरवाल्याची करमणूक, दुसरं काय!) मिरजोळे म्हणजे रत्नागिरीला लागूनचं, एमआयडीसीवालं गाव. उताऱ्यावर काही नावांना कंस, शेजारी गोलात आकडे. हे फेरफार क्रमांक. बघताक्षणी आमच्या सीड स्क्रिप्ट्स आठवल्या.

सीड स्क्रिप्ट म्हणजे कोऱ्या डेटाबेसमधे सुरुवातीचा डेटा भरणारी फाईल. राज्यांची यादी, कराचे दर वगैरे. एकदा मी जुनीच फाईल उघडून एक दर 'दुरुस्त' केला. चालू सर्व्हरवर ती आधीच चालून गेली होती, म्हणून तिथे जुना दर राहिला आणि नव्या मशीनवर नवा आला. बिलं जुळेनात. दोन रात्री गेल्या.

महसूल खात्याकडे यावर केव्हाचा उपाय आहे. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. आजच्या १९६६च्या जमीन महसूल संहितेतही बदल थेट सातबाऱ्यावर करत नाहीत. आधी गाव नमुना ६ मधे क्रमाने नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकत आली तर सुनावणी. नोंद प्रमाणित झाली की मगच सातबारा बदलतो. जुनं नाव पुसत नाहीत, कंस करतात.

कोकणात तर याचं मोल फार. गाव खोताचं, कसणारं कूळ वेगळं. पुढे १९४९चा खोती निर्मूलन कायदा आला, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आला. पण कायदा मुंबईत झाला तरी कुळाचं नाव उताऱ्यावर चढायला गावात फेरफाराची एक ओळ पडावी लागे. आज नातवाला कोणी विचारलं, 'हे नाव आलं कुठून?', तर उत्तर त्या क्रमांकात सापडतं.

आपली टूल्स हे उशिरा शिकली. रेल्समधे मायग्रेशन्सना १, २, ३ असे नंबर असत. दोघांनी एकच नंबर घेतला की भांडण. २००८मधे २.१ आवृत्तीत नंबरांच्या जागी तारीख-वेळ आली. फ्लायवे तर चाललेल्या फाईलचा चेकसम जपून ठेवतं, नंतर हात लावलात की अडवतं.

तर मंडळी, आमच्या टीमचा नियम आता तलाठ्याचाच. चाललेल्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही. चूक सापडली तर नवा क्रमांक, सोबत कारण, आणि प्रमाणित करायला दुसरा माणूस. चूकही दिसू द्यावी.. कंसात का होईना!