पाणी वर कोण चढवते?



वाण्याला तेलाचा डबा फोडताना आपण पाहिले असेल. एका कोपऱ्याला भोक पाडले, की तेल गटगट करीत, अडखळत येते. मग वाणी समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडतो आणि धार सरळ लागते. या दुसऱ्या भोकातून तेल तर येत नाही. मग ते कशाला? ‘आत हवा जावी म्हणून,’ असे आपण म्हणतो. पण हवेचा आणि धारेचा संबंध काय, हे कळायला माणसाला फार काळ लागला. ती हकीकत आज सांगायची आहे.

मीही ती उशिराच शिकलो. शाळेत ‘वायुभार म्हणजे काय?’ या प्रश्नाला मला पुरते गुण मिळाले होते. त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरचा पंप पाणी ओढीना. पंप काठावर आणि पाणी पार तळाला! तात्यांनी मोटार दोनदा खोलून पाहिली, फूटव्हॉल्व्ह नवा घातला. शेवटी मला म्हणाले, “अरे, तू शिकतोस ना? मग सांग, सगळे धड असताना पाणी का चढत नाही?” मी गप्प. तोवर दोन वाफे कांदा करपला. उत्तर माझ्या पुस्तकात होते. पण ते आमच्या विहिरीचे उत्तर आहे, हे मला ठाऊक नव्हते.

हाच प्रश्न पूर्वी इटलीतही पडला होता. गॅलिलिओच्या १६३८ साली छापलेल्या ग्रंथात अशा एका पंपाची गोष्ट आहे. पाणी खाली गेले आणि पंप बंद पडला. कारागीर आला आणि म्हणाला, दोष पंपात नाही. पाणीच फार खाली गेले आहे, अठरा हातांवर ते चढायचे नाही. त्या काळचे पंडित म्हणत, निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पाणी वर धावते. ठीक आहे; पण मग अठरा हातांवर निसर्गाला पोकळी कशी काय चालते? गॅलिलिओने तर्क केला, की फार लांब दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो, तसा पाण्याचा खांब तुटत असावा. एवढा मोठा माणूस, पण इथे चुकला.

त्याचा शेवटच्या दिवसांतला सहकारी टॉरिचेल्ली याने प्रश्नच उलटा केला. पाणी वरून कोणी ओढत नाही. बाहेरची हवा ते खालून ढकलते! आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे. पारा पाण्याहून सुमारे साडेतेरा पट जड. तेव्हा तो तितकाच कमी चढला पाहिजे. १६४४ मध्ये प्रयोग झाला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली. पारा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. याला साडेतेराने गुणा बघू. सव्वादहा मीटर, म्हणजे चौतीस फुटांच्या आसपास. कारागिराचे अठरा हात असे उलगडले!

मग फ्रान्समध्ये पास्कालने विचार केला: हवेचा समुद्र खरा असेल, तर डोंगरावर त्याची खोली कमी भरेल आणि पाराही उतरेल. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याचा मेहुणा पेरिये प्यू-द-डोम या डोंगरावर नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर कमी भरला. शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पायथ्याच्या मठात दुसरी नळी ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्याकडे पाहत बसला होता. तिच्यातला पारा हलला नाही. म्हणूनच फरक डोंगराचा, दिवसाचा नव्हे, असे छातीठोकपणे सांगता आले.

पारा विषारी आहे. वर्गात तो आणू नये. त्यासाठी पेला आणि पोस्टकार्ड पुरे. पेला काठोकाठ भरा, वर कार्ड ठेवा, हाताने दाबून पेला उलटा करा आणि हात काढा. पाणी पडत नाही! दहा मीटर पाणी तोलणाऱ्या हवेला चार बोटे पाण्याचे काय ओझे? मात्र उत्तर लगेच सांगू नका. आधी मुलांना विचारा, “कार्ड कोणी धरले?” मग तेलाच्या डब्याकडे वळा आणि तिथून विहिरीकडे.

पुढे एका जाणत्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने तात्यांनी विहिरीत खाली कट्टा बांधून पंप त्यावर बसवला आणि पाणी लागले. काठावरचा पंप चौतीस फूट कधीच ओढत नाही; सांध्यांतून हवा शिरते, पाणी पाइपाला घासते, आणि व्यवहारात वीस-पंचवीस फुटांवरच दम लागतो. पाण्यात बुडवलेला पंप मात्र पाणी खालून ढकलतो. त्याला ही मर्यादा नाही.

त्या कारागिराला मर्यादा ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. मला कारण पाठ होते, पण विहीर दिसली नाही. या दोघांची गाठ घालून देणे, हेच शाळेचे काम आहे.