बंब कुणाचा?

आग विझली, धूर निवला, बघ्यांची गर्दी पांगली, की जळक्या दुकानात टॉर्च आणि वही घेऊन शिरतो तो सर्व्हेअर. विमा कंपनीसाठी आगीचे नुकसान मोजणे हा माझा पेशा. निवृत्त होईपर्यंत तो मी बंगळूरच्या जुन्या पेटेत केला. चिकपेट, अव्हेन्यू रोड, कॉटनपेट, नगरतपेट इथल्या गल्ल्या मला त्यांच्या जळक्या वासावरून ओळखता येत. अस्सल रेशीम जळले की केस जळल्यासारखी दुर्गंधी सुटते आणि मागे उरणारा काळा खडा बोटांत चुरला जातो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, कितीही दाबा, फुटत नाही. रेयॉनची कागदासारखी हलकी राख होते. कांजीवरमचा दावा असेल तर मी आधी तो खडा चुरून बघायचो. मग तांब्याची वायर. तिच्या टोकाला वितळलेला गोल थेंब दिसला, तर निदान तिथे वीज खेळत असताना तडतड झाली, एवढे कळायचे. कापसाच्या गाठीची तर गोष्टच वेगळी. बाहेरून पाण्याने निथळत असते, आत मात्र कित्येक दिवस धुमसते. घाईने गाठ फोडली की पुन्हा पेट घेते.

दाव्याच्या फाइलमध्ये सर्वांत वर लागायचा तो फायर फोर्सचा दाखला. वर्दी किती वाजता आली, किती गाड्या गेल्या, आग कधी आटोक्यात आली, कारण काय असावे, हे सगळे त्यात असे. आमच्या मुंबई कचेरीतून येणाऱ्या फाइलींमधल्या दाखल्यावर महानगरपालिकेचे नाव असे. आमच्याकडच्या दाखल्यावर राज्य सरकारचे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला हा शिक्क्याचा किरकोळ फरक वाटला. पुढे जळकी घरे बघता बघता पटले, की या शहराच्या आगींचा निम्मा इतिहास त्या शिक्क्यात आहे.

मुंबईची परंपरा जुनी. १८०३ साली फेब्रुवारीत किल्ल्यातली वस्ती जळाली आणि आगीशी लढायची काहीतरी व्यवस्था हवी, हे सरकारला उमगले. १८८७ साली बंबखाना पालिकेकडे आला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्यात जे ६६ अग्निशामक गेले, ते मुंबई शहराचे नोकर होते. देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो, तो त्यांच्याच स्मरणार्थ. लंडनचा रस्ता वेगळा. तिथे बंब विमा कंपन्यांचे होते. १८६१ साली टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली, दलप्रमुख जेम्स ब्रेडवुड कोसळत्या भिंतीखाली गेले, आणि हा बोजा आपल्याला झेपत नाही असे कंपन्यांनी सरकारला कळवले. १८६५ च्या कायद्याने दल सार्वजनिक झाले, पण खर्चातला वाटा कंपन्यांना द्यावाच लागला: विमा उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड. आमच्या धंद्याचा हा पूर्वजांचा इतिहास मी नव्या पोरांना आवर्जून सांगायचो.

बंगळूर तर मुळात एक शहरच नव्हते. इकडे केंपेगौडांची पेट, तिकडे १८०९ नंतर वसलेली इंग्रजांची छावणी. १८६२ पासून दोघांच्या नगरपालिका वेगळ्या, त्या एकत्र येऊन महापालिका झाली १९४९ साली. संघटित अग्निशमन दल त्याआधीच, महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ च्या सुमारास उभे राहिले. त्या वर्षी एप्रिलमध्ये जपानी बॉम्ब विशाखापट्टणवर पडले होते, आणि वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साथीने काढलेला विमानांचा कारखाना बंगळूरातच होता. तेव्हा दलाची गरज कुणाला पटवून द्यावी लागली नसणार. पेटेतल्या माणसांना मात्र आगीची धास्ती युद्धाच्या कितीतरी आधीपासून होती. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची मराठी बोलणारी घरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे लाकडी खांब आणि लाकडी जिना. अशाच एका घरातले आजोबा मला म्हणाले होते, "साहेब, आमच्या लहानपणी रात्री चूल विझवली का, हे आई दोनदा बघायची आणि मग आजी उठून तिसऱ्यांदा बघायची."

१ नोव्हेंबर १९५६ ला नवे म्हैसूर राज्य झाले आणि मोठा गुंता उभा राहिला. जुने म्हैसूर, मुंबई राज्यातून आलेले बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार, निजामाच्या हैदराबादेतून आलेले गुलबर्गा, रायचूर आणि बीदर, मद्रासकडून आलेले मंगळूर, शिवाय कोडगू. प्रत्येकाचे कायदे निराळे, सवयी निराळ्या. त्याच सुमारास केंद्राने राज्यांसाठी अग्निशमन कायद्याचा एक नमुना तयार केला होता. तो समोर ठेवून विधिमंडळाने १९६४ चा ४२ वा कायदा केला आणि ५ नोव्हेंबर १९६५ पासून सगळ्या राज्याचे एकच दल झाले. राज्याचे नाव बदलल्यावर कायदाही कर्नाटक अग्निशमन दल कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला.

तो निर्णय योग्य होता, असे मी ठामपणे म्हणतो. यादगीर किंवा हावेरीच्या नगरपालिकेला स्वतःच्या बळावर बंब, शिडी, शिकलेली माणसे कधीच परवडली नसती. बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या आर. ए. मुंडकूर अकादमीत शिकलेला जवान राज्यात कुठेही गेला तरी त्याचे शिक्षण एकच असते. कायद्याने त्याला घटनास्थळी मोठे अधिकार दिले: दार फोडायचे, रस्ता बंद करायचा, आडवे येईल ते पाडायचे, जवळ असेल ते पाणी घ्यायचे. आग नसली तरी बचावाच्या कामाला दल वापरायची मुभाही दिली. १२ सप्टेंबर १९८३ ला केंपेगौडा रस्त्याजवळ बांधकाम चालू असलेली गंगाराम इमारत कोसळली आणि १२३ माणसे दगावली. अशा ढिगाऱ्यांवर राबायचे तर ते या दलानेच.

पण पाणी घ्यायचे कुठून? धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम. पेटेच्या दोन्ही अंगांचे पाणी शहराने बुजवून टाकले. दलाला कुणी विचारले असते, तर त्यांनी काय सांगितले असते?

आणि इथेच तो शिक्का आडवा येतो. इमारतीचा आराखडा मंजूर करते महापालिका. आग लागली की धावतो राज्याचा बंब. जिना किती रुंद, दार कुठे उघडणार, विजेच्या तारांची उभी पोकळी मजल्यामजल्याला बंद केली आहे की नाही, या गोष्टी कागदावर ठरतात. तिथेच अर्धी आग विझते किंवा लागते. आयुष्यभर जळक्या जागा बघून बनलेले हे माझे मत आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची कामे दिली, त्यात अग्निशमन सातव्या क्रमांकावर आहे. बंगळूरात ते कागदावरच राहिले.

७ फेब्रुवारी १९८१ ला बंगळूरातच व्हीनस सर्कसचा तंबू पेटला. नव्वदहून अधिक बळी, आणि त्यात बहुतेक मुले. त्यावर लिहायला आजही माझा हात चालत नाही, म्हणून पुढे जातो.

२३ फेब्रुवारी २०१०, मंगळवार, जुना विमानतळ रस्ता, कार्लटन टॉवर्स. ज्वाळा फार नव्हत्या. विजेच्या पोकळीतून काळा धूर वर चढत गेला. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या. गुदमरलेल्या माणसांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. नऊ जण गेले. आपली माणसे गमावलेल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बियाँड कार्लटन ही संस्था काढली. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्या लोकांनी नुकसानभरपाईपेक्षा कायद्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा धरला. जुलै २०११ मध्ये सरकारने १९६४ च्या कायद्यातल्या तेराव्या कलमाखाली अधिसूचना काढली आणि उंच इमारतींच्या मालकांवर व वापरणाऱ्यांवर आगप्रतिबंधाची जबाबदारी टाकली. तेरावे कलम पहिल्यापासून कायद्यात होते. त्याला असे जागे करायला नऊ माणसे मरावी लागली, आणि नंतरही ती अधिसूचना अमलात आणा म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागली.

महाराष्ट्राने २००६ साली स्वतंत्र आग प्रतिबंधक कायदा केला, तो २००८ च्या डिसेंबरात लागू झाला. त्यात मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तिथेही आगी लागतातच, माणसे मरतातच. पण सहा महिन्यांनी कुणीतरी पंप चालवून बघावा, हे कायद्याच्या मजकुरात असणे मला मोलाचे वाटते. बंद पडलेला पंप मी आग विझल्यानंतर पाहिलेला आहे, एकदाच नव्हे.

माझा पुतण्या टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या बाहेर राहतो. तिथे राज्याच्या कायद्याने शहराबाहेरच्या वस्तीला मतदान करून आपला आपत्कालीन सेवा जिल्हा स्थापन करता येतो. त्याचा कर मालमत्तेच्या दर १०० डॉलरला १० सेंटच्या वर नेता येत नाही. "काका, आमच्या घरपट्टीत बंबाची वेगळी ओळ असते," तो फोनवर म्हणाला, आणि मी माझी जुनी बिले काढून बसलो. बंगळूरच्या घरपट्टीवर आरोग्य उपकर होता, ग्रंथालय उपकर होता, भिक्षुक उपकर होता. बंबाचा नव्हता. मालमत्ता करावर अग्निकराचा अधिभार लावायची सोय तर १९६४ च्याच कायद्यात आहे. ज्या सेवेसाठी आपण वेगळा पैसा मोजत नाही, तिचा हिशेब मागायलाही आपण जात नाही. माझ्या गल्लीतल्या किती जणांना आपले जवळचे फायर स्टेशन कुठे आहे ते ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

यंत्रसामग्री सुधारली, हे मान्य करायलाच हवे. २०२२ साली राज्याने ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडीची गाडी घेतली. ती काचेच्या मनोऱ्यांसाठी. राष्ट्रीय बांधकाम संहिता १५ मीटरपासून इमारत उंच धरते, इथे ती रेघ २१ मीटरवर नेली गेली. पेटेतली बहुतेक घरे दोन्ही रेघांच्या खाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नगरतपेटेत अशाच एका चिंचोळ्या वस्तीतल्या इमारतीला पहाटे आग लागली आणि पाच जण गेले. त्या गल्ल्या मी पायाखाली घातल्या आहेत. तिथे हातगाडी समोरून आली तर माणसाला दुकानाच्या पायरीवर चढावे लागते.

दोनच आठवड्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, बृहत् बंगळूर कायद्याखाली शहराच्या पाच महापालिका झाल्या. आराखडे आता पाच ठिकाणी मंजूर होतील. अग्निशमन दल मात्र राज्याचेच आहे आणि त्याचे मुख्यालय हलसूर तळ्याजवळ अण्णास्वामी मुदलियार रस्त्यावर आहे. दल राज्याचेच राहू द्या, माझी हरकत नाही. पण पाचही महापालिकांच्या नगररचना विभागांत दलाचा एक अधिकारी कायमचा बसवा, २१ मीटरखालच्या दुकानांच्या इमारतीही त्याच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि त्याची सही झाल्याशिवाय चिकपेटेत एकही नवे गोदाम उघडू देऊ नका. या मागणीचे पत्र मी माझ्या प्रभागाच्या कचेरीत दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे.