तळटीप : धरणग्रस्त
धरणग्रस्त – धरणापायी घर किंवा जमीन गेलेले. कायद्यातला ‘प्रकल्पग्रस्त’ अधिक व्यापक : गाव उठले नाही, नुसते शेत कालव्यात गेले, तरी माणूस प्रकल्पग्रस्त ठरतो. ‘विस्थापित’ म्हणजे राहते ठिकाण सोडावे लागलेला. ‘निर्वासित’ मात्र छळाला वा हिंसेला भिऊन बहुधा सरहद्द ओलांडून आलेला. १९४७च्या फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, आलेले सिंधी निर्वासितच होते. कोयनेच्या माणसांना हा शब्द लावणे अन्यायाचे आहे. आश्रय मागायला ती कोणाच्या दारी गेली नव्हती. राज्याला वीज हवी होती, म्हणून त्यांची गावे पाण्याखाली गेली. पुनर्वसन हा त्यांचा हक्क. म्हणून लेखकाचा ‘धरणग्रस्त’ येथे सर्वत्र तसाच ठेवला आहे. – संपादक