ध्वनिमुद्रिकांचे ओळखक्रमांक : मॅट्रिक्सपासून बारकोडपर्यंत

ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ज्या कलावंतांचे गाणे तबकडीवर उतरविले, त्यांत गौहरजान ही प्रमुख होय. तिच्या मुद्रिकांच्या अखेरीस तिने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारल्याचे ऐकू येते. पुष्कळांना हा कलावतीचा ठसका वाटतो. तो नव्हता असे नाही. तथापि त्यामागे व्यवहाराची निकडही होती. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथील कारखान्यात त्यांच्या प्रती निघत. हिंदुस्थानी भाषांचे अक्षरही न समजणाऱ्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी डकवावयाची हे कळण्याचा तो एक मार्ग होता. गाणाऱ्याचा कंठ हेच येथे ओळखचिन्ह झाले.

हे चिन्ह अर्थातच पुरेसे नव्हते. म्हणून प्रत्येक मुद्रणास दोन क्रमांक मिळू लागले, आणि त्या दोहोंतील भेद नीट ध्यानी घेतल्यावाचून पुढील शंभर वर्षांचा इतिहास उलगडत नाही. पहिला मॅट्रिक्स क्रमांक. तो मुद्रणाच्या वेळी ध्वनिमुद्रक देत असे. चिठ्ठीच्या आसपासच्या गुळगुळीत भागात तो आजही वाचता येतो, आणि त्यास जोडलेले अक्षर मुद्रक कोण व तबकडीचा आकार कोणता हे सांगते. दुसरा सूचीक्रमांक. तो विक्रीसाठी असे. या कंपनीने आरंभी सूचीक्रमांकांची मोठी नमुनेदार वाटणी केली होती : इटालियन पुरुषस्वरास ५२ हजारांची माला, स्त्रीस्वरास ५३ हजारांची, हिंदुस्थानी पुरुषांस १२ हजारांची व स्त्रियांस १३ हजारांची. आकडे अपुरे पडले तेव्हा मालेच्या आधी एक अंक व आडवी रेघ घालून काम भागविण्यात आले. देश, भाषा आणि गाणारा पुरुष की स्त्री, एवढी वर्गवारी क्रमांकातच बसविण्याचा हा खटाटोप व्यापाऱ्याच्या दृष्टीने सोयीचा होता. राग वा गायनप्रकार यांचा त्याला पत्ता नव्हता.

सारांश, मॅट्रिक्स क्रमांक हा घडलेल्या गायनाचा आणि सूचीक्रमांक हा विकावयाच्या मालाचा. एकच गायन पुढे स्वस्त मालेत नव्या सूचीक्रमांकाने निघे, पण मॅट्रिक्स तोच राही. उलट एकाच सूचीक्रमांकाखाली दोन वेगवेगळ्या वेळचे गायन खपविले गेल्याचीही उदाहरणे आढळतात. मराठी नाट्यसंगीताच्या अभ्यासकास हा भेद विशेष उपयोगी पडतो, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मुद्रणाचे साल सहसा छापलेले नसते. कोणते पद आधी गायिले गेले व कोणते नंतर, याचा निर्णय क्रमांकांच्या क्रमावरून आणि जुन्या सूचीपत्रांवरूनच करावा लागतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे कार्य या दृष्टीने मोलाचे आहे.

बारकोडाचा उगम संगीताबाहेरचा. नॉर्मन वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना त्याचे अमेरिकन पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ रोजी मिळाले. त्यांच्या आराखड्यात एकात एक बसविलेल्या वर्तुळांची आकृती होती; ती पाहून ग्रामोफोनच्या खाचांची आठवण व्हावी हा निव्वळ योगायोग. प्रत्यक्ष वापर पुष्कळ लांबला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या पुड्यावरील रेघा प्रथम यंत्राने वाचल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस मुद्रिकांच्या वेष्टनांवरही त्या दिसू लागल्या. अमेरिकेतील क्रमांक १२ अंकी, युरोपात १९७७ पासून रूढ झालेला १३ अंकी. शेवटचा अंक पडताळ्याचा असतो : आधीच्या १२ अंकांना आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करावयाची, आणि ती पुढच्या दशकापर्यंत नेण्यास जो अंक लागेल तो अखेरीस लिहावयाचा. आरंभीचे ८९० हे अंक तो क्रमांक भारतातील संस्थेमार्फत दिला गेल्याचे दाखवितात. संगीत भारतीय असल्याचे नव्हे. हा जुन्या सूचीक्रमांकाचा वंशज होय. एकच गायन लाँगप्ले, कॅसेट व कॉम्पॅक्ट डिस्क अशा तीन रूपांनी निघाले तर बारकोडही तीन.

मालाच्या मोजणीचे हे साधन संगीताच्या प्रतिष्ठेचे मापही बदलून टाकते, हे १९९१ साली दिसून आले. तोपर्यंत अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ नियतकालिक आपली खपाची क्रमवारी दुकानदारांनी सांगितलेल्या माहितीवर रचीत असे. सांगणाऱ्याची आवडनिवड व कंपन्यांचे आर्जव यांना त्यात मुक्त वाव होता. २५ मे १९९१ च्या अंकापासून साउंडस्कॅनने बारकोडावरून मोजलेली विक्री आधारास घेण्यात आली. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गायकसंघाची मुद्रिका अग्रस्थानी पोहोचली, आणि सप्टेंबरात गार्थ ब्रुक्स याच्या कंट्री संगीताच्या मुद्रिकेने थेट पहिल्या क्रमांकावर प्रवेश केला. ज्या संगीताला नागर अभिरुचीने दुय्यम लेखले होते त्याचा श्रोतृवर्ग एकाएकी निर्माण झाला नव्हता. तो केवळ मोजला जाऊ लागला. ज्या मुद्रिकेवर रेघाच नव्हत्या ती मात्र यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हती, ही या सुधारणेची दुसरी बाजू.

मॅट्रिक्स क्रमांकाचा वारसा दुसऱ्याच एका संकेताकडे गेला. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ३९०१ म्हणून जाहीर झालेला आयएसआरसी हा १२ चिन्हांचा संकेत वस्तूस नव्हे, तर एकेका ध्वनिमुद्रणास दिला जातो. त्यात दोन अक्षरे मूळच्या योजनेत देशाची, तीन चिन्हे नोंदणीधारकाची, दोन अंक वर्षाचे व पाच अंक अनुक्रमाचे. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीच्या सोबतीने तो अदृश्य रूपात कोरता येतो. रचनेसाठी, म्हणजे शब्द व चाल यांसाठी, आयएसडब्ल्यूसी हा आणखी वेगळा संकेत २००१ साली मानक ठरला. गायकाचे व निर्मात्याचे मानधन एका संकेताच्या वाटेने जाते, कवीचे व संगीतकाराचे दुसऱ्याच्या.

रागसंगीताशी या योजनेचा मेळ सहजी बसत नाही. विलंबित व द्रुत ख्याल सलग गायिले असता ते एक मुद्रण की दोन, हे निर्माताच ठरवितो. परंपरागत बंदिशीचा कर्ता बहुधा अज्ञात असल्याने रचनेच्या संकेतामागे उभा राहावयास कोणी नसतो. आणि गायकाने त्या क्षणी केलेला विस्तार, जो या संगीताचा प्राण, तो रचनेत मोडत नाही व निव्वळ सादरीकरणातही पुरता मावत नाही.

इतिहाससंशोधकास आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आयएसआरसीतील वर्षाचे अंक मुद्रणाचे साल सांगत नाहीत. संकेत ज्या वर्षी दिला ते साल सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभीचे गायन एकविसाव्या शतकात पुनःप्रसृत झाले की त्यावर नव्या शतकाचे अंक चढतात, आणि देशाच्या अक्षरांवरूनही ते कोठे गायिले गेले याचा बोध होत नाही. अशा वेळी मूळ तबकडी उजेडात तिरपी धरून चिठ्ठीलगतचा तो क्रमांकच वाचावा लागतो.