चेंडू चालतो, कप चालत नाही

माझे वडील गावच्या हॉटेलात चहा पीत, तो वळचणीला खोचलेल्या कपातून. पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथेच खोचायचा. याला गावात कोणी अन्याय म्हणत नसे, रीत म्हणत. शिष्टाचार म्हणून जे शिकवले जाते त्यात कोणाचा आचार आणि कोणाचा अपमान असतो, हे पाहायचे तर बाळू पालवणकरांच्या आयुष्याकडे पाहावे.

बाळू चांभार समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर खेळपट्टीची कामे करीत. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची आठवण झाली. संघात घेतले, पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबलही वेगळे.

आता विचार करा. बाळूंच्या हातचा चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, क्षेत्ररक्षक अडवून परत फेकत होता. तो चेंडू कातड्याचा. तेव्हा कोणी बाटले नाही. बाटण्याची वेळ चहाच्या सुट्टीतच येत होती! म्हणजे प्रश्न स्पर्शाचा नव्हता. बाळूंचे श्रम हवे होते, बरोबरी नको होती. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, असे न्यायमूर्ती रानडे यांनी सुनावल्याचे सांगतात. पण हे सुचायला आधी बाळूंना सामने जिंकून द्यावे लागले.

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते, त्यांचे बंधू शिवरामही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. तोवर जेवणातला भेद सैल झाला होता; कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. 1920 साली याच पक्षपाताच्या निषेधार्थ शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ संघाबाहेर राहिले. अखेर 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. हाताला मैदान मिळाले, ताटाला पंगत मिळाली आणि सर्वांत शेवटी हुकूम देण्याचा अधिकार मिळाला.

1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो मतभेद आपण झाकू नये. पण त्यासाठी त्यांना इतिहासातून वगळायचे काय? मातीचे भांडे त्यांच्या हाती दिले गेले ते राजकीय मतामुळे नव्हे, जातीमुळे.

आज मी स्टाफरूममध्ये सर्वांबरोबर एकाच ट्रेमधला कप उचलतो. वळचणीचा कप गेला, ही लहान गोष्ट नाही. पण सहभोजनाने समाधान मानणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच विचारतो : टेबलावर जागा मिळाली, तिथे निर्णय होतात तेव्हा आपले कोणी ऐकते काय?