खाडीपलीकडचं माहेर

हरिहरेश्वरला आलेली मंडळी प्रदक्षिणा घालतात, उकडीचे मोदक खातात आणि श्रीवर्धनला निघतात. मी मात्र दर खेपेला बागमांडल्याच्या धक्क्यावर जाऊन बसतो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी, मुखाशी बाणकोटचा किल्ला. किल्ल्यापलीकडे वेळास. आमच्या आजीचं माहेर.

आजीला बाणकोटची टेकडी रोज दिसायची. पण पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, म्हणजे माहेर बंद. १९५१ च्या आषाढात तिचे वडील गेले. निरोप म्हाप्रळला खाडी ओलांडून, आंबेत-म्हसळा असा फिरत सहाव्या दिवशी आला. लेकीचं तीन दिवसांचं सुतक तिने तेव्हापासून धरलं. हे सांगताना ती कधी रडली नाही, फक्त "दिसत होतं रे समोर" एवढंच म्हणायची.

याच पाण्याशी मराठ्यांच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण अडकलेलं आहे. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांचं जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि त्यांनी गाव सोडलं. ते खाडी ओलांडून वेळासला भानूंकडे आले. मात्र खाडी ओलांडली म्हणून सिद्दीचा हात काही संपत नव्हता. पुढे अंजनवेलला त्यांना पकडलं आणि भानू बंधूंनीच सोडवलं, असं सांगतात. मग सगळे घाटावर गेले. १७१३ मध्ये बाळाजीपंत पेशवे झाले, भानूंकडे फडणिशी आली. नाना फडणवीस याच घराण्यातले. (नानांचा जन्म वेळासचा असं गाईड ठोकून सांगतात. तो साताऱ्याचा, १७४२ चा. असो.)

नंतर खाडी खरोखरच सरहद्द झाली. १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे गेलं, किल्ल्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया झालं. अलीकडचा किनारा मात्र १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात. म्हणजे आजीचं लग्न झालं तेव्हा सासर नबाबाच्या राज्यात आणि माहेर इंग्रजांच्या! पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणचा कारभार काही काळ बाणकोटहून चालला, १८२२ मध्ये तो रत्नागिरीला हलला.

मुखाशी गाळाची पट्टी आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला ज्यांचं नाव आहे, त्या आर्थर मॅलेट यांची बायको आणि महिन्याभराची मुलगी एकोणिसाव्या शतकात इथेच बुडाली. सोबतचे खलाशीही गेले. त्यांच्या नावाचा पॉइंट कुठेच नाही.

आंबेतला पूल झाला तरी गाडीने वळसा मोठाच. वेळासला जायला आम्हाला एकदा तीन तास लागले होते, अर्थात मध्ये मिसळ खाल्ली. मग फेरीबोट आली. गाडीसकट चढायचं, काचसुद्धा खाली करायची गरज नाही. बाणकोटच्या पुलाचं काम सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं, त्याबद्दल न बोललेलं बरं.

गेल्या मे महिन्यात वडिलांना घेऊन गेलो. वय ७८, गुडघे दुखतात, तरी गाडीत बसून राहायला तयार नव्हते. कठड्याला धरून उभे राहिले. मी घड्याळ लावलं होतं. वेसवीला उतरल्यावर म्हटलं, "बाबा, अकरा मिनिटं."

त्यांनी मागे वळून हरिहरेश्वरच्या डोंगराकडे पाहिलं. म्हणाले, "आईला सांगायला हवं होतं."