लग्गी कुणाची?

गेली बावीस वर्षं मी कथकच्या वर्गाला तबल्याची साथ करतो, अधूनमधून ठुमरीच्या मैफलीलाही बसतो. ठुमरी संपत आली, की दीपचंदीच्या चौदा मात्रांत रेंगाळणाऱ्या गायिका एकाएकी मुखडा धरतात. तेवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. मी केरव्यात शिरतो, लय चढते आणि मैदान माझं. ही लग्गी. मीही मान ताठ करून वाजवायचो. पण एकदा वर्गात एका मुलीने त्याच लग्गीवर पायांनी ततकार धरला आणि माझी बोटं चपापली. मी भाडेकरू होतो, जागा पायांची होती.

पूर्वी तवायफांच्या कोठ्यावर गाणारीच नाचायची. बसल्या बसल्या एकाच ओळीचे दहा भाव डोळ्यांनी, मनगटाने दाखवायचे आणि शेवटी उठून घुंगरू बोलते करायचे. साजिंदे मागे उभे, तबला कमरेला बांधलेला. (मी बांधून पाहिलाय. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते.)

लखनौचे नवाब वाजिद अली शाह 'अख्तरपिया' या नावाने ठुमऱ्या रचत. 1856 साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचं राज्य घेतलं आणि त्यांचा दरबार कलकत्त्याच्या मटियाबुर्जात गेला. लखनौचेच बिंदादीन महाराज मुळात कथकिये, पण त्यांनी ठुमऱ्या शेकड्यांनी बांधल्या. या बंदिशीच्या ठुमऱ्या: शब्द गच्च, चाल मध्य लयीची, बोल पायात सहज बसणारे. पुढे बनारसकडे बोलबनाव ठुमरी बहरली. लय उतरली, एकेक शब्द आळवून आळवून उलगडायला लागला. गळ्याची चैन झाली, पण तेवढा वेळ पायांनी करायचं काय? त्यांच्या वाट्याला शेवटची लग्गी उरली.

नंतर तीही पायांकडून गेली. गायिका गौहर जान नाच बिंदादीन महाराजांकडे शिकलेल्या. 1902 साली कलकत्त्यात त्यांचं गाणं तबकडीवर उतरलं. तीन मिनिटांच्या त्या तबकडीत घुंगरांना कुठली जागा? पुढे सभागृहं आली. गाण्याला प्रतिष्ठा हवी होती, ती नाचापासून अंग चोरून मिळवली, असं माझं मत.

आपल्याकडे महाराष्ट्रात बैठकीच्या लावणीने बसून अदा करणं सोडलं नाही. ठुमरीत मात्र तसं राहिलं नाही. ठुमरी गायिका शोभा गुर्टूंच्या आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकीही होत्या. पण शोभाताईंच्या ठुमरीवर कथक नर्तक बिरजू महाराजांनी अभिनय केला, तेव्हा पूर्वी एकाच बाईकडे असलेलं काम दोघांत वाटलं गेलं होतं.

हल्ली मी लग्गी अशी वाजवतो, की समोर कुणी नाचणारी उभी असती तर तिला दम घ्यायला जागा मिळाली असती. परवा मैफलीनंतर पाकीट हातात ठेवताना आयोजक म्हणाले, "आज लग्गी जरा कमी पडली, बुवा."